हातच्याआधीची मोकळी रेघ

दुसरीतल्या एखाद्या मुलाने ४७ आणि ३८ यांची बेरीज ७१५ अशी लिहिली, तर वही तपासणारे शिक्षक तांबड्या शाईने फुली मारतात आणि शेजारी ‘हातचा विसरला’ असा शेरा देतात. शेरा खरा असला तरी पुरेसा नाही. सात आणि आठ पंधरा, चार आणि तीन सात, या दोन्ही बेरजा त्या मुलाने बिनचूक केलेल्या असतात. फक्त त्यांची उत्तरे एकाशेजारी एक मांडलेली असतात. पन्नाशीच्या आतल्या दोन संख्या एकत्र आल्या तर शंभरी ओलांडली जाणे शक्य नाही, ही गोष्ट त्याच्या मनाला शिवत नाही. कारण त्याच्या समोरच्या कागदावर सत्तेचाळीस नावाची संख्या नसतेच. तेथे एक चार असतो आणि एक सात असतो. याच मुलाला वाण्याकडे ४७ रुपयांची साखर आणि ३८ रुपयांचे पोहे आणावयास धाडले आणि दुकानदाराने सातशे पंधरा रुपये मागितले, तर ते मुकाट्याने घरी पैसे मागायला परत येईल, असे कोणी समजू नये.

उभ्या मांडणीची बेरीज ही मानवी बुद्धीची मोठी कमाई आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. एकं, दहं, शतं यांच्या घरांत आकडे बसवले की कितीही मोठ्या संख्यांची बेरीज एकेरी अंकांच्या बेरजेवर भागते. जमाखर्च लिहिणाऱ्या कारकुनाला, बँकेतल्या रोखपालाला ही रीत पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडली ती तिच्या एका गुणामुळे. ती वापरताना विचार करावा लागत नाही. परंतु विचाराचे श्रम वाचवण्यासाठी निर्माण झालेली रीतच विचार शिकवण्यासाठी पहिल्या दिवसापासून वापरली जाते, येथे सारा घोटाळा होतो.

या घोटाळ्यावर नेदरलँड्समधील गणितशिक्षणाच्या अभ्यासकांनी जो मार्ग काढला, तो इतका साधा आहे की प्रथमदर्शनी त्याला उपाय म्हणण्यासही कोणी धजणार नाही. पाटीवर एक आडवी रेघ ओढायची. तिच्यावर खुणा नाहीत, आकडे नाहीत, शून्यसुद्धा नाही. मुलाने डावीकडे कोठेतरी एक टिंब द्यायचे आणि त्याखाली ४७ लिहायचे. आता अडतीस पुढे जायचे आहे; कसे जायचे ते त्याने ठरवायचे. एक मूल तीनची लहान उडी घेऊन ५० वर येते, तेथून तीसची मोठी उडी मारून ८० गाठते आणि उरलेले पाच मिळवून ८५ वर थांबते. दुसरे मूल दहा-दहाच्या तीन उड्या घेते, ५७, ६७, ७७. मग तीनने ८० आणि पाचने ८५. तिसरे अधिक धीट असते. ते एकदम चाळीस पुढे जाऊन ८७ लिहिते आणि दोन पावले जास्त झाली म्हणून ८५ वर मागे येते. प्रत्येक उडीची कमान रेघेच्या वर काढलेली, कमानीवर उडीचा आकडा, खाली मुक्कामाचा आकडा. हिलाच मोकळी संख्यारेषा म्हणतात.

तिन्ही पाट्यांवर उत्तर एकच आहे आणि वाटा तीन आहेत. शिक्षकाच्या दृष्टीने खरे मोल या वाटांचे. पन्नास पुरे व्हायला किती हवेत हे कोणाला पाठ आहे, दहाची उडी कोणाला सहज साधते, आणि कोण अजून एकेक करून अडतीस कमानी काढीत बसला आहे, हे पाटीवर नजर टाकताच कळते. उभ्या मांडणीत चूक झाली की मागे केवळ चुकीचे उत्तर उरते, मुलाच्या डोक्यात काय घडले याचा माग राहत नाही. रेघेवर तो राहतो. शिवाय ४७ पासून निघून लहानमोठ्या उड्यांनी ८० च्या आसपास पोचलेल्या मुलाचा पाय ७१५ वर पडणे जवळजवळ अशक्य असते.

रेघ कोठून आली

हान्स फ्रॉइडेन्थाल (१९०५-१९९०) हे जर्मनीत जन्मलेले आणि नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेले थोर गणिती. गणित ही तयार वस्तू नसून माणसाने करावयाची कृती आहे, आणि मुलांच्या हाती ते तयार स्वरूपात न देता त्यांना ते करू दिले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९७१ साली उट्रेख्ट येथे त्यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या संस्थेला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. याच परंपरेतील आड्री ट्रेफर्स प्रभृतींनी मोकळ्या रेषेचा पुरस्कार केला आणि १९९० नंतरच्या दशकात ती तेथील पाठ्यपुस्तकांत रुळली. रेघेच्या आधी मण्यांची माळ येते. शंभर मणी, दहा एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे. सत्तेचाळीस मणी मोजताना मूल चार रंगपट्टे एका दमात ओलांडते आणि पाचव्यातले सात मोजते. माळ हाताळून झाली की तिचे चित्र काढायचे, आणि चित्र काढता काढता मणी गळून नुसता दोरा उरतो. तो दोरा म्हणजेच ही रेघ.

छापील संख्यारेषा आपल्या शिक्षकांना अपरिचित नाही. समान अंतरावर खुणा, त्यांखाली आकडे, आणि वरून उड्या मारणारा बेडूक नाहीतर ससा. तिची अडचण अशी की सगळे आकडे आधीच छापलेले असल्यामुळे मुलाला विचार करण्याचे कारण उरत नाही. ते बोटाने खुणा मोजते आणि पोचेल तेथला आकडा वाचते. पुष्कळदा तर निघण्याची खूणच ‘एक’ म्हणून धरते आणि उत्तर एकाने चुकवते. खुणा पुसून टाकल्या की हे सारे टळते. अंतरे प्रमाणात असण्याचीही गरज राहत नाही. तीसची उडी दहाच्या उडीच्या नेमकी तिप्पट नसली तरी काही बिघडत नाही. रेघ मोजपट्टी राहत नाही, विचाराचे टिपण होते.

एकोणतीसची सोय

डच मुलांची एक अडचण मराठी मुलांना मुळीच परकी नाही. डच भाषेत २४ साठी ‘चार आणि वीस’ अशा अर्थाचा शब्द आहे. एकक आधी, दशक मागून. मराठीत चोवीस, सत्तेचाळीस, त्रेसष्ट, सगळीकडे हाच क्रम. कानावर सात आधी पडतो, लिहायचा मात्र चार आधी. सत्तेचाळीस ऐकून ७४ लिहिणारे मूल मंद नसते. ते ऐकले त्या क्रमाने लिहीत असते. अशा भाषेत दोन्ही संख्या फोडून एककात एकक आणि दशकात दशक मिळवू गेले की गोंधळाला जागा मिळते. पहिली संख्या अखंड ठेवून तिच्यापासून पुढे चालणे त्या मानाने निर्धोक वाटते.

मराठीची गोष्ट तर डचहूनही बिकट आहे. दहाची उडी हा या साऱ्या पद्धतीचा कणा. इंग्रजी मूल फॉर्टी-सेव्हन, फिफ्टी-सेव्हन, सिक्स्टी-सेव्हन असे म्हणत जाते तेव्हा शेवटचा सेव्हन प्रत्येक उडीत जसाच्या तसा ऐकू येतो. मराठी मूल म्हणते सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट, सत्याहत्तर, सत्त्याऐंशी, सत्त्याण्णव. सात तेथेही आहे. पण कधी ‘सत्ते’, कधी ‘सत्ता’, कधी ‘सदु’ अशी सोंगे घेऊन तो येतो, आणि पन्नास तर ‘वन्न’ होऊन बसतो. दर उडीत दशक एकाने वाढतो आणि एकक जागचा हलत नाही, ही सोपी गोष्ट मराठी मुलाला कानाने सापडत नाही. ती डोळ्यांनीच सापडावी लागते. रंगीत मण्यांची माळ आणि तिच्यावरून उतरलेली रेघ यांची गरज म्हणूनच मराठी शाळेला अधिक आहे.

२०१९ च्या जून महिन्यात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा वाचनाचा प्रयोग झाला, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब उडाला हे अनेकांच्या स्मरणात असेल. जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामे लहान मुलांना जड जातात आणि त्यातून गणिताची भीती बसते, असे गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे होते. विधानसभेत त्यावर कोट्या झाल्या, मराठीवर घाला आल्याची हाकाटी झाली. बोलीत रुजलेली नावे बदलू पाहावीत की नाही, याविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतो. पण त्या गदारोळात मूळ दुखण्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. सत्तेचाळीस या नावात मुलाला चार दशक आणि सात एकक दिसत नाहीत, हे ते दुखणे. डॉ. नारळीकर २०२३ साली निवर्तल्या; दुखणे आहे तेथेच आहे.

आणि तरीही हीच भाषा एके ठिकाणी अशी सोय करून ठेवते की डच शिक्षकालाही हेवा वाटावा. २९ ला मराठीत ‘नऊ आणि वीस’ म्हणत नाहीत. एकोणतीस म्हणतात, म्हणजे एकाने ऊन, एकाने उणे असे तीस. एकोणीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ असे करीत थेट एकोणनव्वदपर्यंत हा परिपाठ चालतो. नव्व्याण्णव तेवढा फटकून वागतो. ४५ मध्ये २९ मिळवायचे असतील तर मोकळ्या रेघेवरची सर्वांत सुटसुटीत वाट कोणती? तीस पुढे, ७५; एक मागे, ७४. ही वाट त्या शब्दातच सांगून ठेवलेली आहे. आपल्या वर्गांत एकोणतीस हा शब्द घोकून घेतला जातो, त्याची फोड मात्र सहसा कोणी करून दाखवीत नाही. पावकी, निमकी आणि दिडकी गेल्याबद्दल हळहळणाऱ्यांनी या रोज तोंडात असलेल्या ठेव्याकडेही एकदा पाहावे.

बाजारातले गणित

मंडईतली भाजीवाली ६३ रुपयांच्या भाजीवर शंभराची नोट घेते, तेव्हा ती शंभरातून त्रेसष्ट वजा करीत नाही. दोन रुपये ठेवून पासष्ट, पाच ठेवून सत्तर, दहा ठेवून ऐंशी, वीस ठेवून शंभर, असे पुटपुटत ती सुटे पैसे गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवते. सदतीस हा आकडा तिने उच्चारलेलाही नसतो. गर्दीच्या एस. टी.त एका हाताने दांडी धरून हिशेब करणारा कंडक्टरही याच वाटेने जातो. रेघ त्यांच्या मनात असते. ती कागदावर काढण्याची त्यांना गरज पडत नाही एवढेच. खुद्द गणिताचे शिक्षक दुकानात उभे असताना हातचा घेत असतील, हे संभवत नाही.

या दोन गणितांमधली दरी किती खोल आहे, हे अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिले आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांविषयीचा तेरेझिन्या कॅराहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९८५ साली प्रसिद्ध झाला. एक नारळ ३५ क्रुझेरोंना, तर दहा नारळ कितीला, असे विचारताच एका बारा वर्षांच्या मुलाने तिहींचे १०५, आणखी तिहींचे धरून २१०, आणखी तीन म्हणजे ३१५ आणि राहिलेला एक मिळवून ३५० असा हिशेब केला. दहाने गुणताना पुढे शून्य द्यावे, हा शाळेचा नियम त्याने वापरलाच नाही. ही मुले बाजारात जवळजवळ सगळे हिशेब बरोबर करीत. तशीच उदाहरणे कागदावर निव्वळ आकड्यांत दिली की निम्म्याहून अधिक चुकत. भारतातही याहून निराळे चित्र नाही. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात आला. बाजारातल्या मुलांना शाळेची साधी लेखी उदाहरणे सुटेनात, आणि शाळेतल्या मुलांना बाजाराचे हिशेब जमेनात. एकाच देशात, एकाच वयाची, एकमेकांना न ओळखणारी अशी दोन अंकगणिते नांदत आहेत.

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण मुलांना दोन अंकी वजाबाकी घालतात, तीही हातचा घ्यावा लागेल अशी. २०२२ साली तिसरीतील २५.९ टक्के मुलांना ती आली, २०२४ साली ३३.७ टक्क्यांना. सुधारणा झाली हे खरेच. पण तिसरीतली तीनपैकी दोन मुले अजून त्या वजाबाकीच्या अलीकडेच उभी आहेत. ६२ मधून ३८ वजा करताना मोठ्यातून लहान काढण्याच्या सवयीने ‘आठातून दोन गेले सहा, सहातून तीन गेले तीन’ असे म्हणत ३६ हे उत्तर लिहिणारे मूल कोणत्याही वर्गात सापडते. त्याला ३८ वर टिंब देऊन ६२ कडे चालायला सांगावे. दोनने चाळीस, वीसने साठ, दोनने बासष्ट. चोवीस पावले झाली. हीच भाजीवालीची वाट. कागदावर उतरल्यामुळे ती शाळेलाही मान्य व्हायला हरकत नसावी.

या रेघेची भलावण करताना तिची मर्यादा झाकून ठेवण्याचे कारण नाही. ४,७८६ आणि २,९५७ यांची बेरीज रेघेवर करू गेल्यास कमानींचे रान माजेल. तेथे उभी मांडणीच हवी. खुद्द नेदरलँड्समध्ये नव्या गणितशिक्षणावर पुढे कडक टीका झाली. मुलांना रूढ रीती नीट येत नाहीत अशी ओरड झाल्यावर तेथील विज्ञान अकादमीच्या समितीने २००९ साली उपलब्ध संशोधन तपासले, आणि जुन्या व नव्या पद्धतींत खात्रीने दाखवता येईल असा फरक आढळत नाही असा निर्वाळा दिला. शिक्षकाच्या तयारीवर मात्र तिने भर दिला. इंग्लंडने १९९९ च्या अंकगणित मोहिमेत ही रेघ वर्गावर्गांत नेली, आणि २०१४ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात पुन्हा उभ्या मांडणीकडे मोहरा वळवला. म्हणजे रेघ ओढली की गणित आले, अशी जादू कोठेच झालेली नाही.

आपल्याकडे तर वेगळेच भय आहे. चांगल्या गोष्टीचा विधी करून टाकण्यात आपल्या शिक्षणव्यवस्थेचा हात धरणारा कोणी नाही. उद्या पाठ्यपुस्तकात ही रेघ छापली जाईल, तिच्यावर तीन कमानी आधीच काढलेल्या असतील आणि खाली रिकाम्या चौकटी असतील. मुलाने चौकटी भरायच्या. ‘प्रथम जवळच्या दशकावर यावे’ अशी सूचना शिक्षक-पुस्तिकेत येईल, आणि ज्याने आधी तीसची उडी घेतली त्याचा अर्धा गुण कापला जाईल. पालक घरी तीन कमानींची रीत पाठ करून घेतील. मोकळी रेषा अशा रीतीने बंद झाली तर तिच्यापेक्षा हातचा बरा. तो निदान थोडक्यात आटोपतो. मुलाने अडतीस कमानी काढल्या तरी त्या त्याच्या असतात, आणि ‘याहून कमी उड्यांत जाता येईल का?’ एवढा एकच प्रश्न विचारून चांगला शिक्षक त्याला आठवडाभरात सहा कमानींवर आणू शकतो. पन्नास मुलांच्या वर्गात हे कसे साधावे, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. परंतु पन्नास पाट्यांवरच्या रेघा पाहायला पन्नास उभ्या बेरजा तपासण्याहून जास्त वेळ लागत नाही, आणि तीन निराळ्या वाटांची मुले फळ्यापाशी बोलावली की उरलेला वर्ग आपोआप कान देतो.

खर्चाची सबब येथे चालणार नाही. दिल्लीच्या ‘जोडो ज्ञान’ या संस्थेने शंभर मण्यांची गणितमाळ आपल्या देशात वर्गांतून वापरून दाखवली आहे. दोरा आणि दोन रंगांचे मणी एवढेच तिचे साहित्य. आणि रेघेला खडूखेरीज काही लागत नाही. साहित्याची पेटी हरवेल या धास्तीने कपाटात कुलूपबंद ठेवण्याची प्रथा ज्या शाळांत आहे, तेथेही रेघेला कुलूप घालणे कठीण जाईल.

बदल हवा आहे तो दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी पैशाचा प्रश्न नाही. पहिली जागा उत्तरपत्रिकेची. ‘रीत दाखवा’ असे प्रश्नात लिहिलेले असते आणि तपासताना रीत म्हणजे फक्त उभी मांडणी, असे गृहीत धरले जाते. मुलाने रेघेवर काढलेले बरोबर उत्तर पूर्ण गुणांस पात्र आहे, असे एक वाक्य परीक्षकांसाठीच्या सूचनांत आले, तर पालकांच्या निम्म्या शंका फिटतील. दुसरी जागा वेळापत्रकाची. जून उजाडला की दुसरीच्या वर्गात हातच्याची घाई सुरू होते, आणि ज्या घरात वडील किंवा शिकवणीचे मास्तर दक्ष असतात तेथे ती मे महिन्यातच झालेली असते. दिवाळीपर्यंत माळ आणि रेघ एवढेच चालू द्यावे आणि हातचा सुटीनंतर आणावा. चौथीची वार्षिक परीक्षा त्यानंतर जवळजवळ अडीच वर्षांनी येते.